कॅथलिक युवागटातील प्रार्थनाशिक्षण

धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक समुदायातील, किशोरवयीन मुलामुलींना नियमितपणे एकत्र जमवून त्यांना प्रार्थनेची ओळख, सवय आणि गोडी लावण्याचे जे काम कॅथलिक ख्रिस्तसभेत चालते, त्यास युवागटातील प्रार्थनाशिक्षण म्हणतात. गटात साधारणपणे तेरा ते एकोणीस वर्षांची मुले असतात. ती आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा भेटतात, आणि एखादे धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा प्रशिक्षित प्रापंचिक मार्गदर्शक त्यांच्याबरोबर असतात. खेळ, गाणी, चर्चा आणि सेवाकार्य हेही गटात होते. मात्र गट नसेल त्या दिवशी, आपल्या खोलीत एकटे असताना, मुलाला प्रार्थना करता यावी, ही या शिक्षणाची खरी कसोटी मानावी लागते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगीकार पाठ झालेला असतो. अडचण पुढे येते. चौदा-पंधराव्या वर्षी तेच शब्द पोकळ वाटू लागतात, आपले कोणी ऐकते का हा प्रश्न मनात उभा राहतो, आणि घरच्यांसमोर तो विचारण्याचा संकोच वाटतो. बाप्तिस्म्याने मिळालेला विश्वास पक्का करणारा दृढीकरण संस्कार अनेक देशांत याच वयात दिला जातो. त्यामुळे तयारीच्या काळात मुले चर्चमध्ये नियमित येतात आणि संस्कार झाल्यावर हळूहळू दिसेनाशी होतात, हा अनुभव पुष्कळ धर्मग्रामांना आहे. त्या मुलांना धर्माची माहिती मिळालेली असते, पण देवाशी बोलण्याचा सराव झालेला नसतो. युवागटाचे काम नेमके तेथे सुरू होते.

या शिक्षणाचे मूळ शुभवर्तमानातच आहे. संत लूकच्या अकराव्या अध्यायात येशू एके ठिकाणी प्रार्थना करीत असतो, आणि ती संपल्यावर एक शिष्य त्याला, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा, अशी विनंती करतो. विनंतीच्या आधी शिष्यांनी त्याला प्रार्थना करताना पाहिले होते, हा क्रम मार्गदर्शकाने विसरू नये. जुन्या करारातील बाल शमुवेलाची कथाही येथे फार उपयोगी पडते. रात्री हाक ऐकून शमुवेल तीनदा वृद्ध एली याजकाकडे धावत जातो. हाक परमेश्वराची आहे हे तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते, आणि काय उत्तर द्यायचे ते सांगून तो मुलाला त्याच्या जागी परत पाठवतो. एली त्याच्या वतीने उत्तर देत नाही, आणि मुलाबरोबर जाऊन बसतही नाही. किशोरांना प्रार्थना शिकवणाऱ्याची भूमिका याहून नेमकी कोठे सांगितलेली क्वचितच सापडेल.

तरुणांना जमवून प्रार्थनेकडे वळवण्याची परंपरा बरीच जुनी आहे. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी रोममध्ये, तर एकोणिसाव्या शतकात संत जॉन बॉस्को यांनी इटलीतील तुरीनमध्ये जे उपक्रम चालवले, त्यांना ‘ओरेटरी’ म्हणजे प्रार्थनास्थान हेच नाव होते. बॉस्को यांच्या ओरेटरीत तर खेळाचे मैदान आणि प्रार्थनामंदिर शेजारी शेजारी असे. १८४४ मध्ये फ्रान्समध्ये येशूसंघीय (जेज्विट) विद्यार्थ्यांमधून ‘प्रार्थनेचे प्रेषितकार्य’ ही चळवळ उभी राहिली. आपला दिवस सकाळी देवाला अर्पण करण्याची साधी पद्धत तिने जगभर रुजवली, आणि १९१५ मध्ये तिची मुलांसाठीची शाखा सुरू झाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी आरंभलेल्या जागतिक युवा दिनामुळे, म्हणजे कॅथलिक तरुणांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यामुळे, आजच्या युवागटांना मोठी चालना मिळाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तरुणांविषयी बिशपांची सिनड, म्हणजे विचारविनिमय सभा, भरली, आणि त्यानंतर २५ मार्च २०१९ रोजी स्वाक्षरी केलेल्या आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी शांतता, साक्रामेंताची (ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या पवित्र भाकरीची) आराधना आणि देवशब्दावर आधारलेली प्रार्थना यांकडे तरुणांचा असलेला ओढा आवर्जून नोंदवला.

आशयाची चौकट १९९२ च्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममधून, म्हणजे तिच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथातून, मिळते. त्याचा चौथा आणि शेवटचा भाग संपूर्णपणे प्रार्थनेला वाहिलेला आहे. त्यात स्तवन व आराधना, याचना, इतरांसाठी मध्यस्थी, उपकारस्तुती आणि स्तुती हे प्रार्थनेचे प्रकार सांगितले असून शब्दप्रार्थना, मनन आणि चिंतनमग्न प्रार्थना अशा तिच्या तीन अभिव्यक्ती मानल्या आहेत. किशोर जवळजवळ नेहमी याचनेपासून सुरुवात करतात. परीक्षा, आजारी आजी, तुटलेली मैत्री हेच त्यांचे विषय असतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. याचनेतूनच मूल इतरांसाठी मागायला शिकते, आणि मिळालेल्याबद्दल आभार मानणे त्यापुढे येते.

पद्धतींपैकी ‘लेक्सिओ दिविना’ म्हणजे देवशब्दाचे प्रार्थनापूर्वक वाचन ही युवागटात सर्वांत फलदायी ठरते. बाराव्या शतकातील, कार्थुसियन या एकांतवासी संन्यासी संघाचे मठाधिपती दुसरे गीगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा तिच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रत्यक्षात ती अशी चालते. आठ-दहा मुले गोल बसलेली असतात, मध्ये एक पेटलेली मेणबत्ती आणि उघडे बायबल असते. वादळात शिष्यांची नाव हेलकावत असताना येशू उशीवर झोपला आहे, असा एखादा छोटा उतारा एक मुलगी सावकाश वाचते. मिनिटभर कोणी बोलत नाही. दुसरा मुलगा तोच उतारा पुन्हा वाचतो, आणि आता प्रत्येकाने मनाला चिकटलेला फक्त एक शब्द किंवा वाक्यांश उच्चारायचा असतो: ‘उशी’, ‘वारा’, ‘तुम्हांला काळजी नाही काय’. त्यावर कोणी भाष्य करीत नाही, मार्गदर्शकही नाही. तिसऱ्या वाचनानंतरची शांतता मोठी असते, आणि त्या शांततेत ज्याने त्याने आपला शब्द घेऊन देवाशी मनातल्या मनात बोलायचे असते. मार्गदर्शकाने या क्षणी स्पष्टीकरण देण्याचा मोह आवरला, तर निम्मे काम झाले असे समजावे.

उत्स्फूर्त शब्दप्रार्थना शिकवणे अधिक नाजूक असते. मोठ्याने प्रार्थना करायला सांगितले की बहुतेक किशोरांची जीभ टाळ्याला चिकटते, कारण देवापेक्षा शेजारच्या मित्राला काय वाटेल याचीच त्यांना अधिक धास्ती असते. म्हणून अनुभवी मार्गदर्शक एक पूर्ण वाक्यही मागत नाहीत. प्रथम केवळ एक नाव घ्यायचे, ज्याच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटते त्याचे. त्यावर सर्वांनी ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ असा प्रतिसाद द्यायचा. काही आठवड्यांनी नावापुढे कारण येते आणि मग वाक्य आपोआप तयार होते. ज्याला बोलायचे नसेल त्याने हातातील मेणबत्ती नुसती पुढे द्यावी, ही मुभा आरंभापासून शेवटपर्यंत कायम ठेवावी लागते. सक्तीने उच्चारलेली प्रार्थना हा अभिनय ठरतो, आणि त्या वयात ही गोष्ट मुलांच्या लगेच ध्यानात येते.

दिवसाच्या शेवटी करायचे आत्मपरीक्षण ही संत इग्नेशियस लोयोला यांची देणगी आहे. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. उपकार मानणे, प्रकाश मागणे, दिवस तासातासाने आठवणे, चुकांची क्षमा मागणे आणि उद्यासाठी निश्चय करणे, असे या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत. झोपण्यापूर्वी दहा मिनिटांत होणारी आणि कोणतेही साहित्य न लागणारी ही पद्धत मुले घरी नेऊ शकतात, म्हणून ती लवकर शिकवावी. जपमाळ, येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग क्रमाने आठवणारी क्रूसाची वाट, फ्रान्समधील तेझे या ख्रिस्ती समुदायाची पुनःपुन्हा गायची छोटी गीते आणि रात्रीची उपासना यांनाही गटात स्थान असते. संपूर्ण जपमाळ मुलांना जड वाटल्यास एकच दशक (दहा ‘नमो मरिया’), पण त्यातील रहस्यावर, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातील प्रसंगावर, थांबून म्हणणे बरे.

साक्रामेंताच्या आराधनेत किशोर शांत बसू शकणार नाहीत, ही मोठ्यांची समजूत अनेकदा खोटी ठरते. ऑगस्ट २०११ मध्ये माद्रिदच्या जागतिक युवा दिनाच्या जागरणात वादळी पावसाने पोप सोळावे बेनेडिक्ट यांचे भाषण अर्धवट राहिले. त्यानंतर ते साक्रामेंतापुढे गुडघे टेकून बसले, तेव्हा प्रचंड संख्येने जमलेले भिजलेले तरुण निःशब्द झाले होते. गटात मात्र पाच मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावी लागते. मन भरकटणारच, आणि त्याविषयी कॅटेकिझमचा सल्ला व्यवहार्य आहे: विचलनांच्या मागे लागणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात सापडणे, त्यापेक्षा शांतपणे अंतःकरणाकडे परतावे.

या कामातील सर्वांत मोठा धोका भावनेच्या भरतीचा असतो. शिबिरात किंवा रिट्रीटमध्ये (प्रार्थनेसाठीच्या एकांतवासात) मंद प्रकाश, संगीत आणि मित्रांचे अश्रू यांतून मुलाला देव अगदी जवळ आल्यासारखा वाटतो. दहा दिवसांनी घरी काहीच वाटेनासे झाले की तो अनुभव खोटा होता, किंवा आपल्यातच काही खोट आहे, असा निष्कर्ष तो काढतो. अशा वेळी इग्नेशियस यांचा नियम मुलांना आधीच सांगून ठेवलेला असावा. आध्यात्मिक सांत्वन आणि औदासीन्य ही आलटून पालटून येतात, आणि औदासीन्याच्या काळात पूर्वी केलेला निश्चय बदलायचा नाही. शुष्क दिवशी केलेली दोन मिनिटांची प्रार्थनाही प्रार्थनाच असते, हे शिबिराच्या शेवटच्या रात्री सांगण्यापेक्षा पहिल्या दिवशी सांगितलेले चांगले.

मुलांच्या मनाच्या इतक्या जवळ जाणारे हे काम असल्यामुळे सुरक्षिततेचे नियम कटाक्षाने पाळावे लागतात. मार्गदर्शक किमान दोन असावेत, कोणाही प्रौढाने बंद दाराआड एकट्या मुलाबरोबर बसू नये, आणि गटात साक्ष देण्याच्या नावाखाली घरातील खाजगी गोष्टी वदवून घेऊ नयेत. प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापकबुली देण्याची, संधी जरूर द्यावी, पण कोण गेले आणि कोण राहिले याची नोंद कोणी ठेवू नये. एखाद्या मुलाच्या प्रार्थनेतून मारहाण, अत्याचार किंवा जीव देण्याचा विचार डोकावला, तर केवळ त्याच्यासाठी प्रार्थना करून भागत नाही. मार्गदर्शकाने त्याच दिवशी जबाबदार व्यक्तींना कळवून मदत मिळवून द्यायची असते.

सतराव्या-अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुले धर्मग्राम सोडतात आणि गट मागे पडतो. त्या आधीच्या वर्षात काही गट सामूहिक प्रार्थना जाणीवपूर्वक कमी करतात, प्रत्येकाकडून एक छोटे स्तोत्र पाठ करून घेतात, दिवसातील एक ठरावीक वेळ आणि जागा ज्याची त्याला निवडायला लावतात, आणि लहान मुलांच्या गटात प्रार्थना चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवतात. सतरा वर्षांच्या मुलीला तेरा वर्षांच्या मुलांसमोर उतारा वाचून मिनिटभर शांत बसावे लागते, तेव्हा ती शांतता प्रथमच तिला सांभाळायची असते.