सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी कन्कशन असू शकतं

डोक्याला मार लागलेल्या मुलाचा सीटी स्कॅन नॉर्मल आला की लगेच ठरतं, ‘काही झालेलं नाही, उद्या सरावाला पाठवा.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो किती वेळा खोडून काढावा लागतो याला गणती नाही.

मेंदूतला रक्तस्राव बहुतेकांना माहीत असतो. रक्तवाहिनी फुटते, रक्त साचतं, मेंदूवर दाब येतो आणि स्कॅनमध्ये ते दिसतं. कन्कशन, म्हणजे झटक्याने मेंदूच्या कामात होणारा बिघाड; त्यात असं साचलेलं काही नसतं. झटक्याने मेंदू कवटीत हलतो आणि पेशींमधल्या रसायनांचा तोल बिघडतो. बिघाड मेंदूच्या कामात असतो, स्कॅन दाखवतो त्याची रचना. म्हणून कन्कशनमध्ये स्कॅन सहसा नॉर्मलच येतो. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की स्कॅन काढला तेव्हा रक्तस्राव दिसला नाही. खेळायला परवानगी म्हणून तो वाचूच नये. हेल्मेटचंही तसंच: ते कवटी वाचवतं, आतला झटका थांबवत नाही. खांद्याला जोरदार धडक बसून मान हिसकली तरी कन्कशन होऊ शकतं.

मग ते ओळखायचं वागण्यावरून. मूल उठतं, पण भलत्याच जागी जाऊन उभं राहतं. तोच प्रश्न पुन्हा विचारतं. डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, चालताना तोल जातो. शुद्ध हरपली नाही म्हणून कन्कशन नाही, हे तर डोक्यातून काढूनच टाका. बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. ‘तुझं नाव काय?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, गोंधळलेलं मूलही नाव सांगतं. आत्ता कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, हे विचारा. लहान मुलांबाबत या उत्तरांवरही विसंबू नका. ‘हा नेहमीसारखा वाटत नाही’ हे आईचं म्हणणं जास्त मोलाचं. आणि सगळी उत्तरं बरोबर आली तरी एक लक्षण दिसलं की त्या दिवशी खेळ बंद. काही लक्षणं 24 ते 48 तासांनीही वर येतात. सविस्तर तपासणी डॉक्टरांनी करायची: खेळातलं कन्कशन तपासण्याची ठरलेली चाचणी, 13 वर्षांपासून पुढे स्कॅट-6, 8 ते 12 वर्षांसाठी चाइल्ड स्कॅट-6.

रक्तस्रावात मूल मध्ये बरं दिसून नंतर ढासळू शकतं. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, फिट येणं, हातापायांत अशक्तपणा, दोन-दोन दिसणं, वाढती गुंगी, मानेत दुखणं: यांतलं एकही असेल तर थेट इमर्जन्सी. मान दुखत असेल तर मुलाला हलवूही नका.

रात्रभर जागं ठेवण्याची गरज नसते. पहिले काही तास सोबत कोणीतरी हवं, मग झोपू द्यावं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडणंही नको. 24 ते 48 तास बेताची विश्रांती, स्क्रीन कमी, मग चालणं. आधी शाळा पूर्ववत, मग खेळ, तोही हळूहळू वाढवत: सहा पायऱ्या, प्रत्येकीला किमान 24 तास. धडक बसू शकते असा सराव लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. मुलांना यात चार आठवडेही लागतात.