जास्त पाणी पाजल्याने म्हशीचे दूध पातळ होते का?

गोव्यातील सत्तरी-पेडण्याच्या गोठ्यांतून आजही ऐकू येते की म्हशीला पोटभर पाणी पाजले की दूध पातळ होते आणि दूध संस्थेत फॅट (दुधातील स्निग्धांश) कमी लागते. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी ऐन एप्रिल-मे महिन्यांत मुकी जनावरे तहानलेली राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हशीच्या दुधात सुमारे 82 ते 83 टक्के पाणीच असते. मात्र कासेत किती पाणी उतरावे हे तेथे तयार होणारी दुग्धशर्करा ठरवते, आणि प्यायलेले जादा पाणी मूत्रावाटे बाहेर पडते. पाणी कमी पडले तर दूधच घटते. काळी कातडी आणि विरळ घर्मग्रंथी यांमुळे म्हशीला उष्मा लवकर बाधतो. म्हणून तिला डुंबायला तळे किंवा अंगावर पाणी हवेच.

मग पावसाळ्यात फॅट का उतरते? कोवळ्या, पाणीदार गवतात तंतू कमी असतात, आणि फॅट घडवणारे आम्ल पोटात मुख्यतः तंतूंपासूनच बनते; तेव्हा हिरव्याबरोबर भाताचे वाळलेले गवतही घालावे. वेताचा टप्पा (म्हणजे व्यायल्याला किती दिवस झाले), जात आणि दोन वेळच्या दोहनांमधील अंतर यांचाही परिणाम होतो. एकाच दोहनात पहिल्या धारेचे दूध पातळ आणि शेवटच्या धारेचे सर्वांत दाट असते, त्यामुळे घाईने अर्धवट पिळलेल्या म्हशीचे फॅट कमीच लागणार. त्यात पाण्याच्या बादलीचा काही दोष नाही.