गाडीत रोल बार बसवायचाय? आधी आरसी बुक काढा

"रोल बारसाठी आरटीओत कुठला फॉर्म भरायचा?" हा प्रश्न येतो तेव्हा बहुतेक वेळा बार गाडीत बसलेला असतो, पैसे दिलेले असतात आणि फोटोही टाकून झालेले असतात. उत्तर एका ओळीचं आहे: रोल बारचा म्हणून वेगळा फॉर्म नाही. आहे ते मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि परिवहन पोर्टलवरची वाहनातील बदलाची सेवा. तुमचा बार त्या सेवेत जातो, की त्याची गरजच पडत नाही, की तो सरळ मनाई असलेल्या बदलात मोडतो, हे बार कसा आहे आणि त्यासाठी गाडीतलं काय काढलं यावर ठरतं.

इथे रोल बार म्हणजे सीटांच्या मागे उभी राहणारी पाईपची कमान आणि तिला मागून टेकू देणारे दोन तिरपे पाईप. गाडी उलटली तर छताऐवजी ही कमान जमिनीला टेकावी, एवढंच तिचं काम. बीएमडब्ल्यू झी४ किंवा पोर्शे बॉक्स्टरसारख्या उघड्या टपाच्या गाडीत तिचं मोल लगेच कळतं. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो शर्यतीच्या ट्रॅकवर नेणारेही ती बसवतात. पुढच्या काचेपर्यंत आणि दारांतून जाणारा सांगाडा म्हणजे रोल केज. तो वेगळा विषय आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

कायदा काय अडवतो

कलम ५२ चा गाभा असा: उत्पादकाने मुळात दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या किटसाठी त्याच कलमात वेगळी वाट आहे, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घ्यायलाही आहे. रोल बारला अशी वाट दिलेली नाही. पण कलमाच्या शेवटी जे स्पष्टीकरण आहे ते बहुतेक जण वाचतच नाहीत. 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्याने त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. सगळा वाद या वाक्यावर उभा आहे.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द ध्यानात ठेवा. बार, काढलेलं मागचं सीट आणि बदललेलं सायलेन्सर हे तीन बदल मोजले जाऊ शकतात.

"पण बार तर सुरक्षेसाठी आहे" हा युक्तिवाद एकटा टिकत नाही. गाडीच्या पुढे लोखंडी बुल बार लावणारेही हेच म्हणत होते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं आणि क्रॅश गार्ड, बुल बारवर याच कलमाखाली कारवाई करायला सांगितलं. रोल बार गाडीच्या आत असतो, पादचाऱ्याला लागत नाही, हा फरक खराच. मात्र तो तुम्हाला कागदावर मांडता आला पाहिजे.

आणि जो बार कंपनीकडूनच येतो त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०२० च्या थारमध्ये रोल केज मुळातच आहे. पोर्शे ९११ जीटी३ ला युरोपात क्लबस्पोर्ट पॅकेजमध्ये सीटांमागचा बोल्टचा बार कंपनी देते. तो उत्पादकाच्या तपशिलाचाच भाग झाला. खरी अडचण बाहेरून आणलेल्या किंवा गॅरेजमध्ये घडवलेल्या बारची आहे.

आरसीतल्या कुठल्या रकान्यांना धक्का लागतो

आरसी समोर ठेवा आणि बॉडीचा प्रकार, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचं वजन हे तीन रकाने बघा.

दोन सीटांच्या उघड्या गाडीत बोल्टने बसवलेल्या कमानीने बॉडीचा प्रकार बदलत नाही आणि आसनंही तितकीच राहतात. वजनाचा हिशेब घरी करता येतो. ४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा पोलादी पाईप मीटरला साधारण २.६ किलो भरतो. चार मीटरची कमान झाली साडेदहा किलो. टेकू, आडवा पाईप, पाट्या, बोल्ट धरले तर सगळं मिळून वीस किलोच्या आसपास. म्हणजे मागे ठेवलेल्या एका बॅगेएवढं. हा आकडा अर्जात लिहा, अधिकाऱ्याला तो उपयोगी पडतो.

चार-पाच सीटांच्या गाडीत मात्र पेच येतो. कमान बसवायला मागचं बाकडं काढावं लागतं, आणि ते काढलं की आरसीवरचं '५' खोटं ठरतं. बाकडं ठेवून मागे माणूस बसवणं त्याहून वाईट, कारण त्याच्या डोक्यासमोर उघडा पाईप येतो. माझं मत विचाराल तर रोज घरचे ज्या गाडीत बसतात तिच्यात हा उद्योग करूच नये.

वेल्डिंग की बोल्ट? रस्त्यावरच्या गाडीसाठी बोल्टच. वेल्ड केलेला बार बॉडीचाच भाग होतो. मग 'रचनेत फेरफार नाही' असं म्हणायला जागा उरत नाही, आणि अधिकाऱ्याने काढा म्हटलं तर ग्राइंडर चालवावा लागतो.

अर्ज कोणी, कधी, कशासह

अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा. मित्राच्या नावावरची गाडी तुम्ही चालवता म्हणून तुमची सही चालणार नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी ना-हरकत पत्र आधी घ्या. भाडेखरेदीवरच्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करायचा नाही, असं कलम ५२ मध्येच लिहिलेलं आहे.

क्रम महत्त्वाचा. बार बसवण्याआधी आपल्या आरटीओला साध्या कागदावर पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर साधारण असा ठेवता येईल: "माझ्या मालकीच्या वाहनात आसनांमागे बोल्टने बसवावयाच्या, काढता येण्याजोग्या सुरक्षा-कमानीमुळे वाहनाची आसनक्षमता, बॉडी प्रकार, लांबी, रुंदी व उंची यांत बदल होत नाही. सदर बाब कलम ५२ च्या स्पष्टीकरणानुसार 'बदल' ठरते किंवा कसे, व ठरत असल्यास आवश्यक कार्यवाही काय, याबाबत लेखी कळवावे." सोबत नकाशा, पाईपचं माप, वजन आणि मूळ गाडीचे फोटो जोडा. पत्र मराठीतच लिहा, सरकारी मराठी इथे कामाला येते.

उत्तर 'नोंद करा' असं आलं तर पोर्टलवरून बदलाचा अर्ज. त्याला आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन (नसेल तर फॉर्म ६० किंवा ६१), मालकाच्या सहीची ओळख, चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिल प्रिंट आणि कर्ज असेल तर वित्तसंस्थेची एनओसी लागते. गाडी तपासणीला न्यावी लागेल, तेव्हा बारभोवतीचं ट्रिम काढता येईल असं ठेवा.

बार आधीच बसवून मोकळे झालेल्यांसाठी: मंजुरीविना बदल केला असेल तर तो केल्यापासून १४ दिवसांत आरसीसह कळवण्याची जबाबदारी कलम ५२ मालकावर टाकतं. हे कळवणं म्हणजे माफी नव्हे. बदल मनाईतला ठरला तर तो काढावाच लागतो.

नकार आला आणि तो चुकीचा वाटला तर कलम ५७ खाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी नकार लेखी हवा. खिडकीवर "नाही होत" म्हणून परतवलं तर त्यावर अपील होत नाही. म्हणूनच वर पोचेचा आग्रह धरला.

'एआरएआय अप्रूव्हड' (वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेला) बार म्हणून कोणी विकत असेल तर कुठल्या मानकाखाली, कुठल्या मॉडेलसाठी आणि प्रमाणपत्र क्रमांक काय, हे विचारा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मधल्या चाचणी संस्थांपैकी पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई महाराष्ट्रातच आहेत. पण त्या नियमाखालचं काम उत्पादकांच्या नमुना वाहनांचं. गॅरेजमधल्या एकट्यादुकट्या बारवर शिक्का मारून देणं हे ते काम नव्हे.

पाईप कुठला

अधिकारी विचारो न विचारो, हे तुमच्या मानेचं प्रकरण आहे. भारतात रस्त्यावरच्या गाडीच्या रोल बारसाठी मापदंड हवा असेल तर एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांतलं परिशिष्ट 'जे' मधलं कलम २५३ धरावं. मुख्य कमानीला थंड ओढीचा सीमलेस (बिनशिवणीचा) कार्बन पोलादाचा पाईप, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, किमान ताणबल ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. कमान एकाच अखंड पाईपची. वाकवायचा तो थंडच, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी. कमानीच्या पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पाटी आणि ८.८ दर्जाचे तीन एम८ बोल्ट. मागचे टेकू सरळ, उभ्या रेषेशी किमान ३० अंशात.

फॅब्रिकेटर पाण्याचा जीआय पाईप दाखवेल आणि "साहेब, याच्यावर टँकर उभा राहील" म्हणेल. नको म्हणा. त्याला शिवण असते आणि जस्ताच्या लेपावर वेल्डिंगही नीट धरत नाही. सीमलेस पाईपचं मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र, बिलासोबत मागून घ्या, आरटीओच्या पत्राला तेच जोडायचं आहे.

डोकं आपटू शकेल तिथे पॅडिंग लागतं. एफआयएचं ८८५७-२००१ दर्जाचं पॅडिंग मात्र हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी आहे. रस्त्यावर तुम्ही हेल्मेट घालत नाही, म्हणून सीट पूर्ण मागे सरकवूनही डोकं बारपर्यंत पोचता कामा नये. पोचत असेल तर त्या गाडीत तो बार बसवू नका. पडदा एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर उघडणारी) उघडण्याच्या वाटेत पाईप आणू नका आणि मूळ सीटबेल्ट काढू नका. बेल्ट नसल्याचा दंड १,००० रुपये आहे, पण तो इथे गौण.

विमा

विमा कंपनीला लेखी कळवा, नकाशा आणि बिल पाठवा आणि पॉलिसीवर त्याची नोंद मागा. बारची किंमत भरून यावी असं वाटत असेल तर ती विद्युत नसलेल्या अॅक्सेसरीजमध्ये जाहीर करावी लागते. न सांगता बसवलेला बार अपघातानंतर सर्वेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. आणि आपल्याकडच्या खासगी कारच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवरचा धक्का ती पॉलिसी भरून देत नाही, बार असो वा नसो.

शर्यतीसाठीच हवा असेल तर

मग वाट पूर्ण वेगळी. भारतात एफआयएचं प्रतिनिधित्व चेन्नईची एफएमएससीआय ही मोटार क्रीडा संघटना करते. स्पर्धेचा परवाना तिच्याकडून घ्यायचा, तो वर्षापुरता असतो. फोटो, वयाचा पुरावा, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, रक्तगट आणि अल्पवयीन असेल तर पालकांची संमती एवढी तयारी ठेवा. रॅलीत दोन टप्प्यांमधलं अंतर सार्वजनिक रस्त्याने कापायचं असतं, म्हणून तिथे लायसन्स, आरसी, विमाही लागतो. नुसती कमान रॅलीला पुरत नाही, पूर्ण केज लागतो आणि स्क्रुटिनीअर, म्हणजे स्पर्धेचा तांत्रिक तपासनीस, तो मोजून बघतो. वेल्ड केलेल्या केजची, सीटं काढलेली गाडी चेन्नईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर ट्रेलरवरून न्या. खंबाटकी घाटात पोलिसांना कलम ५२ चं स्पष्टीकरण समजावत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करण्याआधी ठरवा: बार ठेवायचा की काढायचा. ठेवणार असाल तर आरटीओचं उत्तर, विम्याची नोंद, नकाशा आणि मिल सर्टिफिकेट नव्या मालकाला द्या. काढणार असाल तर तळाच्या पत्र्यातली भोकं गंजरोधक लावून रबरी बुचाने बंद करा, आरसीवर नोंद झाली असेल तर ती काढून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.