यामा काय शे?

चोपड्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानासमोर सायकलच्या चाकावरचं कोळपं उभं होतं, वर बॅटरीचा फवारणी पंप बसवलेला. "याचं पेटंट मिळेल का?" दुकानदाराने मला विचारलं. बाकावरच्या आप्पांनी चहा पितापिताच अहिराणीत निकाल दिला : "यामा काय शे?" म्हणजे, यात एवढं काय आहे?

पेटंट कार्यालयातला तपासनीसही, जरा कायद्याच्या भाषेत, हेच विचारतो. वस्तू नुसती नवी असून भागत नाही. त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी, असं १९७०चा पेटंट कायदा सांगतो. हा जाणकार काल्पनिक. आधीचं सगळं त्याला ठाऊक, हात कसलेला, पण प्रतिभा बेताचीच. लेथवर भांडं पक्कं धरण्याच्या एका युक्तीचं १९५१चं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली याच कसोटीवर रद्द ठरवलं. कारागिराने रोजच्या कामात केलेली सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

खरी पंचाईत अशी, की उत्तर कळल्यावर सगळंच सोपं वाटतं. केळीच्या बागेतलं ठिबक घ्या. गळक्या नळाजवळचं झाड जोमाने वाढलेलं इस्रायलच्या सिम्चा ब्लास यांनी १९३०च्या दशकात पाहिलं. थेंबाथेंबाने पाणी द्यायचं तर कुणीही काय करेल? नळीला बारीक छिद्र पाडेल. ते गाळाने चोक होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ब्लास यांनी पुढे उलटं केलं : पाण्याची वाट त्या मानाने रुंद ठेवली, पण लांबलचक आणि वळणांची केली. भिंतींना घासत जाताना पाण्याचा जोर मोडतो आणि बाहेर थेंबच पडतो. जुनी नळी चिरून पाहा, आतल्या ड्रीपरमध्ये ती नागमोडी वाट दिसेल. आज बघून आप्पा म्हणतीलच, यामा काय शे! पण प्रश्न आजचा नसतो. अर्ज केला त्या दिवशी जाणकाराला काय सुचलं असतं, एवढंच बघायचं. कळलेलं उत्तर विसरून बघणं तपासनिसालाही जड जातं, असं मला वाटतं.

कोळप्याचं उत्तर मात्र सोपं होतं. कोळपं तण काढतं, पंप फवारतो, एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही. ओळखीची यंत्रं नुसती शेजारी बसवली तर त्याच कायद्याचं कलम ३(फ) आडवं येतं. "मग चाकाच्या वेगाप्रमाणे फवारा कमीजास्त झाला तर?" दुकानदार म्हणाला. तसे फवारे आधीपासून आहेत, मी सांगितलं. तो पाना घेऊन पुन्हा चाकाशी बसला.