सुपावर पान नव्हतं तेव्हा: साथीतल्या अस्वस्थतेची पार्श्वभूमी

साथीत मन का ढासळतं, याला 'आजाराची भीती' एवढंच उत्तर दिलं, तर सोलापूरच्या पूर्व भागातलं 2020 चं कोरोनाचं साल उलगडत नाही. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजार विड्यांच्या हिशेबाने चालतो. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूपान, कातरीने कापलेला तुकडा, चिमूटभर तंबाखू, वर दोऱ्याचा वेढा. माल मोजून द्यायचा, उद्याचं पान घेऊन यायचं. 25 मार्चपासून टाळेबंदी लागली, पान मिळेना. मजुरी तर गेलीच, पण दिवसाचं मापही गेलं. हात रिकामे राहिले की डोकं एकच शंका घोळवत बसतं. मानसशास्त्रात याला 'रवंथ' अशाच अर्थाचा शब्द आहे, आणि तो नेमका आहे.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये साथरोग कायदा. घरोघर झडत्या आणि छावणीत सक्तीने रवानगी, म्हणून लोक रोगी लपवू लागले; गावंच्या गावं माळावर झोपड्या टाकून राहिली. 1918 च्या इन्फ्लुएंझाला तर लोकांनी 'मानमोडी' हे नावच देऊन टाकलं. 2020 मध्ये पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्लीत ताप लपवण्यामागचं कारण तेच जुनं होतं: नेतील, आणि नंतर चार लोक बोलतील.

अभ्यास मात्र बराच उशिरा सुरू झाला. 'अनिश्चितता न सोसणं' ही कल्पना 1990 च्या दशकात कॅनडातल्या क्विबेकच्या संशोधकांनी मांडली. त्यांची 27 विधानांची प्रश्नावली आजही वापरात आहे. 2003 च्या सार्स साथीनंतर टोरांटोत विलगीकरणात राहिलेल्या 129 जणांची पाहणी झाली. त्यात 28.9 टक्क्यांमध्ये आघातोत्तर तणावाची (धक्क्यानंतरही मनात घर करून राहणाऱ्या ताणाची), तर 31.2 टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. विलगीकरण जितकं लांबलं, तितकी लक्षणं जास्त.

अनिश्चितता न सोसणारा माणूस खात्री शोधतो, आणि गाडी तिथेच अडते. घसा खवखवला की ऑक्सिमीटर लावायचा. आकडा 97 आला की जीव भांड्यात पडतो, पण दहा मिनिटांपुरताच. मग बोट गार होतं का, यंत्र बिघडलंय का, म्हणून पुन्हा लावायचा. प्रत्येक तपासणीने सुटका होते, म्हणून तपासण्याची सवय पक्की होते आणि शंका सहन करण्याची ताकद कमी होते. घरच्यांचं 'काही होत नाही गं' हेसुद्धा त्याच चक्रात जातं. त्यापेक्षा काळजीला रोज ठरलेली वीस-तीस मिनिटं देणं बरं, तीही झोपायच्या आधीची नकोत. एरवी शंका आली तर कागदावर टिपून त्या वेळेवर ढकलायची. पहिले काही दिवस हे जमत नाही, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

दुःखाची गाठ वेगळी. अमेरिकेच्या संशोधक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांकडे पाहून 'अस्पष्ट वियोग', म्हणजे नीट निरोपच न झालेला वियोग, ही संकल्पना मांडली. गेलेल्याचा चेहराही पाहता आला नाही, दहाव्याला माणसं जमली नाहीत, अशा घरांना ती लागू पडते. ज्या जिल्ह्यात वारी येते, तिथे 2020 ची आषाढी बसने आलेल्या पादुकांवर पार पडली. सामूहिक आधारच त्या वर्षी बंद होता.

मराठीतही बोलता येणारी 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन (14416) 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तोवर दुसरी लाट ओसरून वर्ष उलटलं होतं.