पेशंट ॲडमिट झालाय, आत काय चालतं? कोरोनाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आम्ही ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने देतो, त्यामुळे फोन येतात ते बहुतेक अशाच घरातून जिथे कोणीतरी पॉझिटिव्ह आलंय, आणि मशीनचं बोलणं झालं की पुढचा प्रश्न हमखास येतो की हॉस्पिटलमधे इतक्या टेस्ट कशाला करतात, आणि शेजारच्या बेडवरच्याला ते इंजेक्शन दिलं मग आमच्या माणसाला का नाही. आम्ही डॉक्टर नाही, औषध सुचवणार नाही. पण डॉक्टर राउंडला दोन मिनिटं बोलून जातात तेव्हा त्यांचं म्हणणं तुम्हाला नीट कळावं म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी एक काम करा. पहिलं लक्षण कोणत्या तारखेला आलं, म्हणजे ताप, घसा, अंगदुखी जे काय असेल ते, कागदावर लिहून ठेवा. रिपोर्टची तारीख नाही, लक्षणाची तारीख. कोरोनात कोणतं औषध द्यायचं हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, आजाराचा कितवा दिवस आहे आणि पेशंटला बाहेरून ऑक्सिजन लागतोय का. सोबत चालू गोळ्यांची यादी आणि ॲलर्जी असेल तर तीही लिहा.

टेस्टचं काय?

रॅपिड अँटिजेन टेस्टचा रिझल्ट 15 ते 30 मिनिटात मिळतो, पॉझिटिव्ह आली तर सहसा तेवढं पुरतं, पण लक्षणं असून निगेटिव्ह आली तर तिथे थांबत नाहीत, आरटीपीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी लॅबमधली टेस्ट, करतात कारण ती विषाणू अगदी थोडा असला तरी पकडते. तीसुद्धा चुकू शकते, स्वॅब नीट घेतला गेला नाही किंवा फार लवकर घेतला तर. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह असूनही डॉक्टर पेशंटला वेगळं ठेवतात आणि परत टेस्ट करायला सांगतात, तेव्हा उगाच खर्च वाढवतायत असं समजू नका. उलट बाजूने, बरं झाल्यावरही आरटीपीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते कारण विषाणूचे मेलेले तुकडे शिल्लक असतात, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टसाठी परत परत टेस्ट करत बसायची गरज नसते. अँटीबॉडी टेस्ट आत्ता कोरोना आहे का हे सांगत नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. आरटीपीसीआरची सीटी व्हॅल्यू (विषाणू सापडायला टेस्टच्या किती फेऱ्या लागल्या तो आकडा) आणि छातीच्या सीटी स्कॅनचा 25 पैकी स्कोअर (फुफ्फुस किती बाधित आहे तो आकडा) ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही. स्कॅन प्रत्येकाला लागतोच असं नाही आणि पहिल्या दोनतीन दिवसात तो नॉर्मलही येऊ शकतो. रक्ताच्या टेस्ट, म्हणजे सीआरपी, डी-डायमर, लिम्फोसाइट काउंट, ह्यावरून सूज किती आहे आणि गुठळ्यांचा धोका किती ह्याचा अंदाज येतो, एकाच दिवसाचा आकडा बघून घाबरू नका, आकडा कुठे चाललाय ते डॉक्टर बघत असतात.

ऑक्सिजनचा आकडा

ह्यावर आम्ही जरा जास्त बोलणार. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रक्तात ऑक्सिजन किती टक्के आहे ते दाखवतो. कोरोनात हा आकडा 85 पर्यंत उतरलेला असतो आणि माणूस आरामात फोनवर बोलत असतो, दम लागल्याचं त्याला जाणवतच नाही, म्हणून नुसतं तोंडाकडे बघून ठरवू नका. पाच मिनिटं शांत बसवा, बोट कोमट असू दे, नेलपॉलिश काढा, आकडा स्थिर झाला की मगच लिहा. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो हेही लक्षात असू दे. परत परत मोजून 94 च्या खाली दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा, 90 च्या खाली असेल तर फोनवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मिनिटाला श्वास किती होतात तेही मोजा, 30 च्या वर म्हणजे आजार गंभीर आहे. पाचव्या ते दहाव्या दिवसात जास्त जपा, ताप उतरल्यावरही ह्याच काळात तब्येत ढासळू शकते.

हॉस्पिटलमधे आधी नाकातल्या नळीने थोडा ऑक्सिजन देतात, मग मास्क, मग पिशवीवाला मास्क ज्याला मिनिटाला 10 ते 15 लिटर लागतो, त्यावर भागलं नाही तर हाय फ्लो ज्यात 60 लिटरपर्यंत प्रवाह जातो, किंवा बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, आणि शेवटी व्हेंटिलेटर. सोबत पेशंटला पोटावर झोपवतात कारण त्याने फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग उघडतो. आता आमचं मशीन मिनिटाला 5 लिटरचं किंवा 10 लिटरचं आहे. आकडा घसरतोय आणि मशीन घरी आहे म्हणून ॲडमिट करायचं पुढे ढकललं, असं कृपा करून करू नका, त्यासाठी आम्ही मशीन देतच नाही.

औषधं

2020 साली ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या ट्रायलमधे दिसलं की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस, ह्याने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले आणि ऑक्सिजनवरच्यांमधे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, कदाचित अपायच. कारण सुरुवातीला शरीराला विषाणूशी लढायचं असतं आणि स्टिरॉइड ती ताकद दाबतं, नंतर मात्र प्रतिकारशक्तीच अती होऊन फुफ्फुसाचं नुकसान करते तेव्हा ते दाबावंच लागतं. म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी बघून घरी स्टिरॉइड सुरू करू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो. त्याने शुगर वाढते, डायबेटिस नसलेल्यांचीही, आणि वाढलेल्या शुगरमधे म्युकरमायकोसिससारखी बुरशी होऊ शकते, म्हणून वॉर्डात सारखं बोट टोचतात.

रेमडेसिवीर हे विषाणूविरोधी इंजेक्शन लवकर दिलं तर उपयोगी, व्हेंटिलेटरवर गेल्यावर फायदा दिसलेला नाही, म्हणून डॉक्टर नाही म्हणाले तर बाहेर शोधत धावू नका. वय जास्त किंवा इतर आजार असलेल्यांना घरीच घ्यायच्या निर्माट्रेलवीर-रिटोनावीर ह्या विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं आल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि त्या हृदयाच्या, कोलेस्टेरॉलच्या बऱ्याच औषधांशी जुळत नाहीत, वरची यादी इथे कामाला येते. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीखाली हेपरिनचं, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं, इंजेक्शन देतात. प्रकृती झपाट्याने बिघडली तर टोसिलिझुमॅब किंवा बॅरिसिटिनिब, ही अती झालेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अझिथ्रोमायसिन, प्लाझ्मा (बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव) ह्यांचा ॲडमिट पेशंटना फायदा झाला नाही, अँटिबायोटिक फक्त बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असेल तरच.

घरी सोडताना

बऱ्याचदा पेशंटला सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती पडतो ते बघतात. घरी ऑक्सिजन चालू ठेवायला सांगितलं तर किती लिटर, दिवसातून किती तास, आणि आकडा किती ठेवायचा हे तिन्ही डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, कारण सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुना आजार, असलेल्यांना बहुतेक 88 ते 92 च सांगतात आणि घरच्यांनी काळजीपोटी लिटर वाढवला तर त्यांना त्रास होतो. मशीनच्या खोलीत विडी, सिगरेट, निरांजन काहीही पेटवायचं नाही. मशीन लावायला आमचा माणूस येईल तेव्हा तो आधी ते कार्ड मागेल, आणि लिटर लिहिलेला नसेल तर तुमच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय मशीन चालू करणार नाही.