जड गोळीचं दुखणं वजनात नाही, लांबीत आहे

लीव्हर-अ‍ॅक्शन रायफल (घोड्याजवळची दांडी पुढेमागे करून पुढचं काडतूस भरायची बंदूक) म्हटलं की दोन दावे हमखास ऐकू येतात. एक, मोठ्या व्यासाची जड गोळी लागली की जनावर मागे फेकलं जातं. दोन, अशी गोळी झाडोऱ्यातून फांद्या तोडत सरळ जाते. दोन्ही थापा आहेत.

पहिली थाप शाळेतल्या संवेगाच्या नियमानेच निकालात निघते. २६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने गेली तर तिचा संवेग साधारण साडेदहा किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. ३०० किलोच्या एल्क हरणामध्ये ती रुतून बसली तर एल्कला मिळणारा वेग सेकंदाला साडेतीन सेंटीमीटर. जनावर पडतं ते गोळी किती खोल गेली आणि वाटेत काय फाडलं यामुळे, धक्क्याने नाही. ‘नॉक-डाऊन पॉवर’चे तक्ते छापणाऱ्यांनी एवढा एक भागाकार करून पाहावा. दुसऱ्या थापेबद्दल इतकंच, की फांदीला घासल्यावर वाट बदलत नाही अशी गोळी अजून कोणी बनवलेली नाही.

मग उत्तर अमेरिकेत अस्वल किंवा मूस (भलंमोठं हरीण) यांच्या शिकारीला जाणारे लोक हाताने काडतुसं भरून जड गोळ्या का वापरतात? कारण व्यास तोच ठेवून वजन वाढवलं की गोळी जास्त खोल जाते. पण व्यास तोच असेल तर वाढीव वजन जाणार कुठे? लांबीत. घरी काडतूस भरताना जे जे बिघडतं, त्यातलं बहुतेक या लांबीपाशी येऊन थांबतं.

उदाहरण घेऊ ४५-७० नावाच्या काडतुसाचं. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये हे काडतूस स्वीकारलं: ०.४५ इंचाचा व्यास, ७० ग्रेन काळी दारू, ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, म्हणजे गोळी २६.२ ग्रॅमची. १९७२ पासून बनणाऱ्या आधुनिक मार्लिन १८९५ या लीव्हर रायफलीत आजही हेच काडतूस चालतं. पुंगळीची (दारू आणि गोळी धरणाऱ्या धातूच्या नळकांड्याची) लांबी ५३.५ मिलिमीटर आणि गोळीसकट काडतुसाची कमाल लांबी ६४.८. ती वाढवता येत नाही, कारण मॅगझिनमधून (काडतुसं साठवणाऱ्या नळीतून) काडतूस वर उचलणारा तुकडा, म्हणजे कॅरियर, तेवढ्याच मापाचा असतो. काडतूस लांब झालं तर तिथेच अडकतं. फार आखूड झालं तर नळीतलं त्याच्या पुढचं काडतूस कॅरियरमध्ये डोकावतं आणि लीव्हर मध्येच घट्ट बसते.

थोडक्यात, गोळीचा सव्वाअकरा मिलिमीटर भाग बाहेर राहतो आणि उरलेली सगळी गोळी पुंगळीत जाते. ४०५ ग्रेनची सपाट नाकाची शिशाची गोळी साधारण २७ मिलिमीटर लांब असते, म्हणजे पावणेसोळा मिलिमीटर आत. ५०० ग्रेनची सुमारे ३३ मिलिमीटर, म्हणजे पावणेबावीस आत. गोळीचा व्यास ११.६ मिलिमीटर, त्यामुळे आत सरकलेला प्रत्येक मिलिमीटर ०.१०६ मिलिलिटर जागा खातो. रिकाम्या पुंगळीत काठोकाठ पाणी भरलं तर ५.१ मिलिलिटर मावतं. पहिल्या गोळीखाली दारूसाठी ३.४ मिलिलिटर उरतात, दुसरीखाली २.८.

जागा १८ टक्क्यांनी घटली, म्हणून दाबही साधारण तेवढाच वाढेल असं वाटतं. तसं होत नाही. इतक्या दाटीत वायूचे रेणू स्वतःच जागा अडवतात: दारूच्या वायूसाठी दर ग्रॅममागे सुमारे १ मिलिलिटर. समजा २ ग्रॅम दारू जळून वायू झाली (हा हिशेबापुरता आकडा आहे, भरण्याचं माप नव्हे). वायूला हलायला पहिल्या काडतुसात १.४ मिलिलिटर मिळतात, दुसऱ्यात जेमतेम ०.८. घट १८ टक्के नाही, चाळीसच्या वर.

प्रत्यक्षात दारू जळत असतानाच गोळी पुढे सरकते आणि जागा मोकळी होते, म्हणून परिणाम इतका टोकाचा नसतो. पण इथे फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएल आडवा येतो. १८८४ मध्ये पहिली यशस्वी धूरविरहित दारू त्यानेच बनवली. दारूच्या दाण्याचा पृष्ठभाग ज्या वेगाने जळत आत सरकतो तो वेग भोवतालच्या दाबाच्या घातावर अवलंबून असतो, हा नियमही त्याचाच. बंदुकीतल्या दाबांना हा घातांक एकच्या जवळपास जातो. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की वायू लवकर तयार होतो, आणि दाब आणखी चढतो. वर जड गोळी हलायला उशीर लावते, म्हणजे जागा मोकळी व्हायलाही उशीर. आग्रहाने मांडायची गोष्ट ही की, लांबीमुळे आधी जागा कमी, वजनामुळे ती मोकळी व्हायला वेळ जास्त, आणि दोन्हींचा गुणाकार व्हिएलच्या नियमातून. म्हणून ४०५ ग्रेनच्या गोळीचं दारूचं माप ५०० ग्रेनच्या गोळीखाली कधीही वापरायचं नाही. त्या नेमक्या गोळीचं छापील माप घ्यायचं, कमाल मापाच्या १० टक्के खालून सुरुवात करायची.

छापील मापांचेही रायफलीच्या ताकदीप्रमाणे तीन वेगळे तक्ते असतात. जुन्या ट्रॅपडोअरसाठी (मागची झडप उघडून एकेक काडतूस भरायच्या सैनिकी रायफलीसाठी) कमाल दाब दर चौरस इंचाला २८,००० पौंड, आधुनिक लीव्हर रायफलीसाठी ४०,००० च्या आसपास, तिसरा तक्ता त्याहून मजबूत एकबारी रायफलींचा. पुंगळीचा बूड १२.८ मिलिमीटर रुंद धरला तर ४०,००० वर बोल्टवर (काडतुसाला मागून अडवणाऱ्या दट्ट्यावर) साडेतीन टनांहून जास्त जोर येऊ शकतो, आणि मार्लिनचा बोल्ट मागच्या टोकाशी अडवलेला असतो. प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टिकली) चपटा होण्याची वाट पाहू नये. ती खूण ६०,००० च्या घरात खेळणाऱ्या बोल्ट रायफलींची आहे. इथे ती दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

आता नळीच्या मॅगझिनबद्दल. काडतुसं त्यात एकामागे एक आडवी असतात, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं. म्हणूनच गोळीचं नाक सपाट किंवा मऊ टोकाचं हवं आणि प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत बसलेला हवा. बार झाला की रायफल मागे येते, काडतुसं जडत्वाने जागीच राहून स्प्रिंग दाबतात, मग शंटिंगच्या मालडब्यांसारखी एकमेकांवर आदळतात. गोळी सैल असेल तर पुंगळीत आत ढकलली जाते. मिलिमीटरभर आत गेली की काय होतं ते वर आलंच आहे.

उपाय दोन: पुंगळीच्या तोंडाची पकड आणि क्रिंप, म्हणजे पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत दाबून बसवणं. पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमधून (पुंगळीला मापात आणणाऱ्या साच्यातून) काढावी, कारण घट्ट पुंगळी चेंबरात (बार होताना काडतूस बसतं त्या खोबणीत) रेटायला लीव्हरकडे बोल्ट रायफलीइतकी ताकद नसते. मग सगळ्या पुंगळ्या ५३.३ मिलिमीटरला कापून सारख्या कराव्यात. एखादी लांब राहिली तर क्रिंप डाय तिचं तोंड जास्त दाबते, खाली फुगवटा येतो आणि काडतूस चेंबरात जात नाही. आखूड राहिली तर क्रिंप खाचेत बसतच नाही. शिशाची गोळी असेल तर तोंड जरा फाकवावं, नाहीतर कड शिसं खरवडते. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं वेगवेगळ्या फेरीत करावं. एकाच फेरीत केलं तर गोळी अजून आत जात असताना कड खाचेत रुतायला लागते. परीक्षा व्हर्नियरची: एक काडतूस मोजून मॅगझिनमध्ये ठेवा, त्याच्यामागून भरलेली चार उडवा, ते बाहेर काढून पुन्हा मोजा. आखूड झालं असेल तर क्रिंप कच्चा.

हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

राहिला बंदुकीच्या नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या नागमोडी खाचांचा, पीळ. जड गोळीला जास्त पीळ लागतो असं म्हणतात, पण इथेही खरा संबंध लांबीशीच. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचांत. ४०५ ग्रेनच्या शिशाच्या गोळीला सुमारे ३० इंचांत एक फेरा पुरतो, ५०० ग्रेनच्या गोळीला २४ इंचांत. मार्लिनच्या नळीचा पीळ २० इंचांत एक फेरा, त्यामुळे दोन्ही आरामात स्थिर उडतात. कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी सव्वापटीहून लांब. ४०५ ग्रेनची तांब्याची गोळी ३४ मिलिमीटरच्या घरात जाते, ५०० ग्रेनच्या शिशाच्या गोळीहूनही लांब. घनतेची दुरुस्ती करून ग्रीनहिलच्या सूत्रात घातली तर तिला २१ इंचांचा पीळ लागतो. मार्लिनमध्ये ती काठावर पास होते, २२ इंच पिळाच्या जुन्या ट्रॅपडोअरमध्ये नाही. दारूची जागा खाते ती वेगळीच, म्हणून तांबं वापरायचं तर ३०० ग्रेनच्या आतच राहावं.